दीड लाख टनांतून उरले पाच

ए-फोर आकाराचा एक कोरा कागद टेबलावर पसरा. कागद जेमतेम पाच ग्रॅमचा. त्याच्यावर हवा किती बलाने दाबते आहे ते काढू. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३०० पास्कल असतो, म्हणजे दर चौरस मीटरला तितके न्यूटन. कागदाचं क्षेत्रफळ ०.०६२४ चौरस मीटर. गुणाकार ६,३०० न्यूटनच्या पुढे जातो. त्या कागदावर ६४५ किलोचं ओझं ठेवल्यासारखंच हे झालं. तरीही आपण तो दोन बोटांनी उचलतो आणि नाव-नंबर लिहायला घेतो.

उचलता येतो, कारण कागदाच्या खालीही हवा आहे. टेबल आणि कागद यांच्यामधली फट केसाएवढी असली तरी पुरते. तिच्यातली हवा जवळजवळ तेवढ्याच ६,३०० न्यूटनांनी कागद वर ढकलते. दोन्ही बलं वजा झाली की बोटांच्या वाट्याला येतात ते फक्त पाच ग्रॅम.

परीक्षा जवळ आली की मुलं सूत्रं घोकायला बसतात. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. सूत्रं पाठ हवीतच, आणि उत्तरापुढे एककही हवं. पण आठवीतला ‘बल व दाब’, नववीतले ‘गतीचे नियम’ आणि दहावीतलं ‘गुरुत्वाकर्षण’ हे तिन्ही धडे सलग वाचले, तर माझ्या मते त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो: समोरासमोरची बलं वजा झाल्यावर उरतं किती? मुलांचे गुण बहुधा इथेच जातात. आकडे अवाढव्य घेतले की हा प्रश्न लख्ख दिसतो, म्हणून उजळणीसाठी ते मुद्दाम घ्यावेत.

माग्देबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने निर्वात पंप बनवला आणि १६५७ साली आपल्या गावात त्याचा प्रयोग करून दाखवला. तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल, व्यास सुमारे अर्धा मीटर. ते तोंडाला तोंड लावून जोडले, आतली हवा उपसून काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. अर्धगोल सुटेनात. झडप उघडून हवा आत सोडली की मात्र ते हातानेच वेगळे होत. आत पूर्ण निर्वात आहे असं धरून हिशोब करू. इथे गोलाचं पृष्ठफळ घ्यायचं नाही, तोंडाच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ घ्यायचं. कडेकडेचे दाब एकमेकांसमोर येऊन वजा होतात. वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ०.१९६ चौरस मीटर, म्हणजे बल जवळजवळ २०,००० न्यूटन, दोन टनांचा भार.

आता शास्त्रीय कारण विचारावं असा प्रश्न. सोळा घोडे होते, मग ओढ दोन्हीकडची मिळून दुप्पट झाली का? नाही. एका बाजूचे आठ घोडे सोडून तिथली साखळी भक्कम भिंतीतल्या कडीला अडकवली असती, तरी अर्धगोलांवर तेवढाच ताण आला असता. आठ घोडे जेवढं ओढतात तेवढंच भिंत उलट ओढते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला तेव्हा अजून तीस वर्षं होती. ‘प्रिन्सिपिया’ छापून आला १६८७ साली. बघणाऱ्यांना सोळा घोडे हवे होते, भौतिकशास्त्राचं आठांत भागत होतं.

क्षेत्रफळ लहान झालं की काय होतं तेही बघून ठेवावं. फळ्यावर कागद टोचायच्या पिनेच्या टोकाचा व्यास ०.१ मिलिमीटर धरा आणि अंगठ्याने १० न्यूटन बल लावा, एक किलोची पिशवी उचलायला लागतं साधारण तेवढं. टोकाखालचा दाब येतो १२७ कोटी पास्कल. जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी ११ कोटी असतो.

गतीच्या धड्यात तर मोठे आकडे शोधायलाही लागत नाहीत. दहावीचा विज्ञान भाग १ चा पेपर दोन तासांचा. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे २९.८ किलोमीटर वेगाने फिरते. पहिली घंटा झाल्यापासून पेपर गोळा होईपर्यंत परीक्षा केंद्र, बाक, पर्यवेक्षक आणि उत्तरपत्रिका यांनी मिळून २ लाख १४ हजार किलोमीटर प्रवास केलेला असतो. चंद्रापर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त! आणि पट्टीवर ठेवलेलं पेन जागचं हललेलंही नसतं.

पृथ्वीला या कक्षेत धरून ठेवणारं सूर्याचं बल ३५ च्या पुढे २१ शून्यं, एवढे न्यूटन आहे. गुरुत्वाकर्षणाऐवजी पोलादी दोरखंडाने पृथ्वी बांधायची झाली, आणि ते पोलाद दर चौरस मीटरला १०० कोटी न्यूटन ताण सोसणारं असलं, तर दोरखंडाचा व्यास साधारण ६,७०० किलोमीटर ठेवावा लागेल. पृथ्वीच्या स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक. पण एवढ्या बलाला पृथ्वीच्या वस्तुमानाने भागलं की त्वरण येतं फक्त ०.००५९ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली एसटी पाच सेकंदांत थांबली तर तिच्या वेगातला बदल याच्या साडेपाचशे पट तीव्र असतो, आणि उभे प्रवासी एकमेकांवर आदळतात.

फरक नुसता आकड्यांचा नाही. ब्रेक एसटीच्या चाकांना लागतो, प्रवाशाला लागत नाही. प्रवासी पहिल्या नियमाप्रमाणे पुढे जात राहतो, त्याला समोरच्या दांडीने थांबवावं लागतं. सूर्य मात्र पृथ्वीला ओढतो तसाच बाकाला आणि बाकावरच्या मुलीलाही ओढतो, प्रत्येकाला सारख्याच त्वरणाने. मग बाक आणि मुलगी एकमेकांवर रेटले जाण्याचं कारणच उरत नाही. ही गोष्ट मला या सगळ्या अभ्यासक्रमातली सर्वांत सुंदर वाटते, आणि ती समजायला वेग, त्वरण आणि वस्तुमान हे तीनच शब्द पुरतात.

दहावीच्या पुस्तकातले महेंद्र आणि विराट मुलांना पाठच असतात. एकमेकांपासून एक मीटरवर बसलेले, वस्तुमानं ७५ आणि ८० किलो. त्यांच्यातलं गुरुत्वीय बल ०.००००००४ न्यूटन. बाक पूर्णपणे घर्षणरहित धरला, तर विराटकडे एक सेंटिमीटर सरकायला महेंद्रला ३२ मिनिटं लागतात. त्याच महेंद्रला पृथ्वी ७३३ न्यूटनांनी ओढते, म्हणजे विराटच्या सुमारे १८३ कोटी पट. पुढचं गणित प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावं असं मला वाटतं: महेंद्रही पृथ्वीला ७३३ न्यूटनांनीच ओढतो. तो सेकंदभर खाली पडला, तर तेवढ्या वेळात पृथ्वी त्याच्याकडे किती सरकते? एका प्रोटॉनच्या रुंदीचे जवळजवळ तीन कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी. बल सारखं, वस्तुमान वेगळं. तिसरा नियम लिहिता येतो पण पटत नाही, अशी तक्रार मुलं करतात. त्यांच्यासाठी या आकड्याइतकं दुसरं चांगलं औषध मला माहीत नाही.

आता समुद्राचा तळ. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘ट्रिएस्ट’ नावाच्या यानातून मारियाना गर्तेत जवळजवळ १०,९०० मीटर खोल उतरले. दोघे बसले होते तो पोलादी गोल बाहेरून २.१६ मीटर व्यासाचा, भिंत १२.७ सेंटिमीटर जाड. वाटेत ९,००० मीटरच्या आसपास बाहेरच्या एका खिडकीला तडा गेला. तळाशी गोलाच्या सगळ्या पृष्ठभागावरचं बल मिळवलं तर १ लाख ६० हजार टनांच्या भाराएवढं होतं. भारताची ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी ज्या ६,००० मीटरांसाठी बनते आहे तिथेही दाब ६ कोटी पास्कल आहे, म्हणून तिच्या गोलाला ८० मिलिमीटर जाडीचा टायटॅनियम मिश्रधातू.

पण गोल चिरडू पाहणारं हे बल त्याला कुठे ढकलत नाही. डावीकडचं उजवीकडच्याशी वजा, पुढचं मागच्याशी वजा. फक्त वर आणि खाली किंचित फरक पडतो, कारण गोलाचा तळ त्याच्या माथ्यापेक्षा २.१६ मीटर जास्त खोल आहे. ११ कोटी पास्कलांत फरक बावीस हजारांचा. तेवढ्यातून उरतं ते प्लावक बल, पाच-साडेपाच टनांचं. आर्किमिडीजचं तत्त्व तेच.

गोल स्वतः १३ टनांचा, म्हणून एवढ्याने तो तरंगणार नव्हता. त्याच्या वर सुमारे ८५,००० लिटर पेट्रोलची टाकी होती. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. या टाकीचा पत्रा मात्र पातळ होता. टाकी खालून समुद्राला उघडी ठेवली होती, पाणी हवं तेवढं आत शिरे, आणि आतला दाब बाहेरच्या दाबाइतकाच राही. गोलाला १२.७ सेंटिमीटर पोलाद लागलं, कारण आत माणसं होती आणि माणसांना एक वातावरण दाबाची हवा हवी होती.

खाली जाण्यासाठी लोखंडाचे टनावारी छर्रे भरले होते. ते विद्युतचुंबकाने धरलेले. वीज गेली असती तर चुंबकाची पकड सुटून छर्रे आपोआप पडले असते आणि यान वर आलं असतं. उतरायला ४ तास ४७ मिनिटं लागली. तळाशी वीसेक मिनिटं थांबून त्यांनी छर्रे सोडले. वजन कमी झालं, प्लावक बल जवळजवळ तेवढंच राहिलं, असंतुलित बल वरच्या दिशेने आलं, आणि सव्वातीन तासांत दोघे पृष्ठभागावर पोचले.