बस धावली, पण पगार कुणी द्यायचा?

मुंबईची लोकल २३ मार्च २०२० पासून बंद झाली आणि अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी १५ जूनला पुन्हा सुरू झाली. मधले बारा आठवडे नर्स, वॉर्डबॉय, पोलीस आणि पालिकेचे सफाई कामगार ड्युटीवर पोहोचले ते मुख्यतः बेस्टच्या बसने. जोडीला एसटीच्या गाड्या होत्या. सफाई खात्यात आपल्या समाजाची माणसं किती आहेत, हे या वाचकांना वेगळं सांगायला नको. आपल्या वस्तीतली बाई पहाटे झाडू घेऊन रस्त्यावर उभी राहिली, ती कुणीतरी त्याआधी आगारातून बस काढली म्हणून.

त्या 'कुणीतरी'च्या पगाराचा हिशोब नीट समजून घेतला पाहिजे. टाळेबंदी संपली तरी तो प्रश्न संपलेला नाही.

शहरातली बस तिकिटाच्या पैशांवर चालत नाही. बेस्टच्या वाहतूक विभागाची तूट वर्षानुवर्षं वीज विभागाच्या उत्पन्नातून भरली जात होती, पुढे महापालिकेला पैसे द्यावे लागले. टाळेबंदीत तर एका बाकावर एकच माणूस बसवायचा आणि परतीची फेरी जवळजवळ रिकामी आणायची. त्यामुळे 'उत्पन्नच नाही, मग पगार कुठून देणार?' हा युक्तिवाद बससेवेला लागूच होत नाही. नेहमीच्या दिवसांतही पगार प्रवाशांच्या खिशातून पूर्ण निघत नव्हता.

पण सगळे ड्रायव्हर एका रांगेत उभे नव्हते. एक होता उपक्रमाचा कायम कर्मचारी. त्याचा पगार अंदाजपत्रकात असतो. उशिरा होईल, भत्त्यावरून भांडण होईल, पण देणारा कोण हे ठरलेलं असतं. दुसरा होता भाडेतत्त्वावरच्या बसचा, म्हणजे वेट लीजचा ड्रायव्हर. जून २०१९ मध्ये युनियनशी करार होऊन अशा बसना वाट मोकळी झाली आणि जुलैमध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आलं. स्वस्ताईचं स्वागत आपण सगळ्यांनीच केलं. ती कुणाच्या पगारातून निघणार हे विचारणारे थोडेच होते.

वेट लीजमध्ये गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, देखभालही त्याची. उपक्रम त्याला प्रति किलोमीटर दराने पैसे देतो. समजण्यासाठी एक काल्पनिक आकडा घेऊ. दर ६० रुपये आणि गाडी रोज २०० किलोमीटर धावते, म्हणजे दिवसाला १२,००० रुपये. टाळेबंदीत फेऱ्या कमी होऊन ती ८० किलोमीटरवर आली, तर मिळणार ४,८००. इंधन वाचलं, टायर कमी झिजले, हे खरं. पण गाडीच्या कर्जाचा हप्ता, विमा आणि ड्रायव्हरचा महिना कमी होत नाही. बँक हप्ता सोडत नाही, विमा कंपनी पैसे सोडत नाही. मग कात्री कुठे लागते? जो सगळ्यात कमी बोलू शकतो त्याच्या पगाराला.

म्हणून अशा करारात 'खात्रीचे किलोमीटर' हे कलम फार महत्त्वाचं असतं. गाडी तेवढी धावली नाही तरी ठरावीक अंतराचे पैसे मिळतील, अशी ती हमी. पण त्याच करारात महामारी, पूर अशा संकटात जबाबदारीतून सूट देणारं कलमही असू शकतं, आणि मग नेमक्या गरजेच्या वेळी हमी उडते. शिवाय हमीचे पैसे कंत्राटदाराला मिळाले म्हणजे ड्रायव्हरला मिळाले असं नाही. तसं वेगळं लिहून घ्यावं लागतं.

कायदा काय म्हणत होता? केंद्राने २९ मार्च २०२० ला आदेश काढला की टाळेबंदीत बंद राहिलेल्या आस्थापनांनी कपात न करता वेतन द्यावं. १८ मेपासून तो लागू राहिला नाही. मुळात बससेवा बंद नव्हती, ती अत्यावश्यक होती. मग बदलापूरला राहणारा, लोकलअभावी आगारापर्यंत पोहोचू न शकलेला ड्रायव्हर 'गैरहजर' की 'टाळेबंदीत अडकलेला'? आदेशाच्या शब्दांत याचं सरळ उत्तर नाही.

त्यापेक्षा भक्कम आधार १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होता. त्याच्या कलम २१ नुसार कंत्राटदाराने वेळेत किंवा पूर्ण वेतन दिलं नाही, तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येत होती, त्याने ते नंतर कंत्राटदाराकडून वसूल करायचं होतं. 'तो आमचा माणूस नाही' म्हणून हात झटकता येत नव्हते.

कामाच्या तासांचीही एक गोम आहे. बाबासाहेब मजूर खातं सांभाळत असताना कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ ऐवजी ४८ तासांची दुरुस्ती पुढे आली, ती १९४६ साली मंजूर झाली. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही मर्यादा ४८ तासांचीच होती. पण त्यातल्या कामाच्या तासांच्या व्याख्येत टर्मिनसवर नुसतं थांबण्याचा उल्लेख होता तो १५ मिनिटांपेक्षा कमी वेळेचा. टाळेबंदीत हॉस्पिटलची सकाळची पाळी सोडायची आणि दुपारच्या पाळीसाठी तासन् तास थांबायचं. तो वेळ कामाचा की नाही, यावर वाद घालायला जागा राहत होती.

खासगी कंत्राट म्हटलं की असंच होणार, असंही नाही. लंडनमध्ये बस खासगी कंपन्याच चालवतात, पण त्यांना पैसे मिळतात सेवेच्या करारानुसार. २० एप्रिल २०२० पासून तिथे काही आठवडे प्रवाशांना मधल्या दरवाज्याने चढवलं आणि भाडं घेतलंच नाही, कारण ड्रायव्हरपासून अंतर राखायचं होतं. तिकीट नसूनही सेवा चालू राहिली.

आपल्याकडे हे दुखणं पुढेही वर आलं. मार्च २०२३ मध्ये पुण्यात पीएमपीच्या कंत्राटदारांनी थकबाकीसाठी बस थांबवल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत भाडेतत्त्वावरच्या बसचे ड्रायव्हर पगारवाढीसाठी संपावर गेले आणि शहराची तारांबळ उडाली. टाळेबंदी नसतानाही गाठ तीच.

तेव्हा आपल्या शहरातल्या बससेवेचा करार कार्यकर्त्यांनी मागवून वाचायला हवा. खात्रीचे किलोमीटर किती, संकटाच्या कलमात वेतनाचं काय, ड्रायव्हरचा पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा पाहूनच कंत्राटदाराचं बिल मंजूर होतं का, हे त्यात सापडतं. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, उत्तराची मुदत ३० दिवस.