भूमध्याच्या काठानं – ६ : समुद्र जिथून निघून गेला

मागच्या भागात आपण इझमीरपाशी थांबलो होतो. या आठवड्यात तिथून दक्षिणेला, तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यावरच्या कुशादासीला यायचं. खुद्द गावात पाहण्यासारखं थोडकं आहे: छोट्या बेटावरचा किल्ला, सतराव्या शतकातली भक्कम दगडी सराई, आणि क्रूझची अवाढव्य जहाजं लागतात तो धक्का. मुक्कामाला मात्र या भागात याहून सोयीचं गाव नाही. उत्तरेला धाकटी मेंदेरेस, दक्षिणेला थोरली मेंदेरेस, अशा दोन नद्यांच्या मध्ये ते वसलंय. सहलींची पत्रकं देवळांचे खांब मोजतात, नाट्यगृहात माणसं किती मावत ते सांगतात, पण या नद्यांचं नावही घेत नाहीत. आणि नद्या समजून न घेता इथले अवशेष पाहणं म्हणजे निम्मं पाहणं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी समुद्राबद्दल थोडं. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. एजियनमध्ये तो वीत-दीड वीत, बस. त्यामुळे नदीनं आणलेला गाळ खेचून नेणारी जोरकस ओहोटी इथे नाही. साधारण ६,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी चढायची जवळपास थांबली, तेव्हा या दोन्ही खोऱ्यांत खारं पाणी कितीतरी आतपर्यंत शिरलेलं होतं. पुढे वरच्या डोंगरांवरची झाडी तुटत गेली, नांगर फिरले, माती मोकळी झाली आणि पावसाबरोबर खाली येऊ लागली. ती मुखापाशी साठत राहिली आणि किनारा पश्चिमेकडे सरकत गेला. बंदरांच्या जिवावर श्रीमंत झालेली शहरं जागच्या जागी राहिली.

इफेसस हे त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध. सेल्चुकला जाणारी डोल्मुश, म्हणजे आपल्या वडापसारखी मिनीबस, तिथल्या फाट्यावर सोडते. क्रूझवाल्यांच्या बसगाड्या सकाळी उशिरा एकदम येतात, म्हणून दार उघडताच आत शिरावं, नाहीतर दुपार कलल्यावर जावं. सेल्ससच्या ग्रंथालयाची दुमजली दर्शनी भिंत ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेले दगड जुळवून १९७०च्या दशकात पुन्हा उभी केली. तिच्यासमोर सगळे थांबतात, थांबायलाच हवं. माझा आग्रह त्यानंतरच्या जागेसाठी आहे. पंचवीसेक हजार माणसं मावतील अशा नाट्यगृहाच्या वरच्या पायऱ्यांवर जाऊन पश्चिमेकडे पाहा. खालून निघणारा संगमरवरी रस्ता अर्धा किलोमीटर सरळ जातो आणि लव्हाळ्यांच्या सखल खळग्यापाशी संपतो. तो खळगा म्हणजे इफेससचं बंदर. समुद्र आता तिथून पाचेक किलोमीटर लांब आहे.

हे बंदर वाचवायला लोक शतकानुशतकं धडपडले. अलेक्झांडरनंतर इथे राज्य करणाऱ्या लायसिमाकसनं शहर आर्टेमिसच्या देवळाजवळच्या सखल भागातून उचलून आजच्या जागी आणायचं ठरवलं. लोक हलेनात, तेव्हा त्यानं मुसळधार पावसात गटारं तुंबवून जुन्या वस्तीत पाणी भरवलं, असं भूगोलकार स्ट्रेबो सांगतो. पुढे पर्गामनचा राजा दुसरा अटॅलस याच्या अभियंत्यांना वाटलं, बंदराचं रुंद तोंड बांध घालून अरुंद केलं तर पाणी खोल होईल. झालं उलटंच. पूर्वी पाण्याच्या ये-जा करण्यानं थोडाफार गाळ बाहेर जाई, तोही आत कोंडला आणि सगळं बंदर उथळ झालं. रोमन काळात गाळ उपसला गेला, सम्राट हेड्रियननं धाकट्या मेंदेरेसचा प्रवाह वळवला. दुसऱ्या शतकातल्या एका प्रांताधिकाऱ्याचा हुकूम तर दगडात कोरलेला सापडला आहे: लाकडाच्या व्यापाऱ्यांनी धक्क्यावर माल रचू नये आणि दगडवाल्यांनी तिथे दगड कापू नयेत, कारण त्याच्या भुकटीनं बंदर भरत चाललंय. हा हुकूम मला ग्रंथालयाच्या खांबांहून मोलाचा वाटतो. शहर बुडताना कुणाला तरी ते दिसत होतं.

संध्याकाळी पोहायचं असेल तर याच नदीच्या मुखाजवळची पामुजाकची लांबलचक पुळण गाठा. तिथली वाळू म्हणजे धाकट्या मेंदेरेसनं केलेली भर. याउलट कुशादासीच्या दक्षिणेला दिलेक राष्ट्रीय उद्यानात डोंगर थेट समुद्रात उतरतो. तिथे मोठी नदी नाही, म्हणून छोट्या खाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी गोटेच आहेत आणि पाणी तळ दिसेल इतकं स्वच्छ. पायांत रबरी चपला असू द्या, आणि खाण्याच्या पिशव्या उघड्यावर ठेवू नका. पाइनच्या झाडीतून रानडुकरं सरळ जेवणाजवळ येतात.

आता थोरली मेंदेरेस. हिच्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवा. प्रिएने, मिलेटस आणि डिडिमा अशी एका दिवसाची सहल कुशादासीत कुठेही मिळते. स्वतःच्या वेळेनं फिरायचं असेल तर सोकेहून प्रिएनेच्या पायथ्याचं गाव डोल्मुशनं गाठता येतं, पण मिलेटससाठी भाड्याची गाडीच बरी.

सुरुवात प्रिएनेपासूनच करा, कारण गेलेला समुद्र तिथून एका नजरेत येतो. इ.स.पू. ३५०च्या सुमारास डोंगराच्या उतारावर काटकोनात छेदणारे रस्ते आखून हे शहर नव्यानं बांधलं. अथेनेच्या देवळाचे पाच खांब पुन्हा उभे केलेले आहेत. त्यांच्याकडे पाठ करून दक्षिणेला पाहिलं की खाली क्षितिजापर्यंत कापसाची सपाट शेतं पसरलेली दिसतात. तिथे आखात होतं. स्ट्रेबोच्या काळापर्यंत, म्हणजे इसवी सनाच्या आरंभी, समुद्र इथून ४० स्टेडिया, आपल्या हिशेबानं सातेक किलोमीटर लांब गेला होता. आज तो पंधराएक किलोमीटरवर आहे.

ही नदी इतकी वळणं घेई आणि पात्र इतकं बदली की काठचे शेतकरी तिच्यावर खटले भरत, असंही स्ट्रेबोनं लिहून ठेवलंय. नदीनं कुणाच्या शेताचा कोपरा कापून नेला की दावा लागे आणि नदी दोषी ठरली की दंड तरीच्या उतारूंकडून जमलेल्या पैशातून भरला जाई. हानी नदीची, भरपाई नदीच्याच उत्पन्नातून. याहून न्याय्य व्यवस्था मला सुचत नाही.

आखाताच्या आतल्या टोकाला मायस नावाचं शहर होतं. गाळानं त्याची खाडी तोडली, खारं पाणी गोडं झालं आणि डासांचे थवे उठले. शेवटी माणसं आपल्या देवांच्या मूर्ती घेऊन मिलेटसला निघून गेली, असं प्रवासी-लेखक पॉसेनियस सांगतो. आखाताचा आणखी एक तुकडा बाफा सरोवर म्हणून उरला आहे. तिथे वाकडी वाट करून जाणाऱ्याला पाण्याकाठी हेराक्लियाची तटबंदी पाहायला मिळते.

मिलेटस, थेल्स आणि अ‍ॅनॅक्झिमँडर यांचं गाव, एके काळी चार बंदरांचं द्वीपकल्प होतं. आता नाट्यगृहावर चढलं की चहूकडे शेतंच शेतं. त्या शेतांत पश्चिमेला एक बुटकी टेकडी दिसते, ती लाडे. इ.स.पू. ४९४मध्ये ते बेट होतं आणि त्याच्याभोवती इराणी आरमारानं आयोनियन ग्रीकांच्या बंडखोर ताफ्याचा पराभव केला. हिरोडोटस आयोनियन जहाजांची संख्या ३५३ देतो. त्याच वर्षी मिलेटस पडलं. जिथे जहाजं एकमेकांवर आदळली तिथे आज ट्रॅक्टर चालतात. पावसाळी दिवसांत सखल भागात पाणी साचतं आणि तेवढ्यापुरती काही भिंतींना पाण्याची कड परत मिळते.

डिडिमा उंचवट्यावर आहे, तिथवर नदीचा गाळ पोहोचला नाही. अपोलोच्या या देवळाचे खांब जवळपास २० मीटर उंच. १२०हून अधिक योजलेले, पुरे उभे तीन. काम शतकानुशतकं चाललं आणि अपुरंच राहिलं. त्या अपुरेपणाचा एक मोठा फायदा १९७९मध्ये उघड झाला. आतल्या चौकाच्या भिंतींना शेवटची घासाई झालीच नव्हती, म्हणून बांधणाऱ्यांनी दगडावर ओरखडलेले कामाचे नकाशे तसेच टिकले होते. त्यांत एका खांबाचं रेखाटन असं आहे की रुंदी खऱ्या मापाची आणि उंची सोळाव्या हिश्शाइतकी आखडलेली, म्हणजे खांबाला द्यायचा हलकासा फुगवटा तासणाऱ्या कारागिराला नेमका मोजता यावा. रेषा अगदी बारीक आहेत. उन्हाची तिरीप कडेनं पडते तेव्हाच दिसतात. म्हणून डिडिमाला दुपारी उशिराच पोहोचा आणि पोहणं त्यानंतर, जवळच्या आल्टिनकुमला, उरकून घ्या.

पुढच्या आठवड्यात दिलेकच्या टोकासमोरची अरुंद सामुद्रधुनी ओलांडून ग्रीसच्या सामोस बेटावर जाऊ. पासपोर्ट आणि व्हिसाची तयारी आधीच करायला हवी, ती कशी, हेही तिथेच पाहू.