शूटचे दार : आगीला बंद, माणसाला खुले

वीस मजली इमारतीतला रोजचा कचरा खाली कसा जातो? अमेरिकेतील अनेक उंच इमारतींत त्यासाठी सर्व मजल्यांमधून जाणारा धातूचा एक उभा नळ असतो. त्याला शूट म्हणतात. प्रत्येक मजल्यावर त्याला एक छोटे दार असते. दार उघडायचे, पिशवी आत सोडायची, बाकीचे काम गुरुत्वाकर्षण करते. इस्पितळांत आणि हॉटेलांत मळलेल्या चादरी-टॉवेलांसाठीही असाच शूट असतो. मुंबईतील काही उंच इमारतींतही कचऱ्याचे शूट आहेत.

या छोट्या दाराकडून आपल्या दोन अपेक्षा असतात. ते घट्ट बंद राहावे, आणि ते सहज उघडावे. या दोन्ही एकाच वेळी कशा पूर्ण होणार? त्यामागचे विज्ञान आपल्या शाळेतल्या तरफेच्या धड्यातच आहे.

प्रथम बंद राहण्याविषयी पाहू. उभा नळ म्हणजे एक धुराडेच. कुणी न विझलेले सिगारेटचे थोटूक आत टाकले, की तळाच्या कचऱ्याला आग लागू शकते. तापलेली हवा हलकी होऊन नळातून वर चढते. वरच्या एखाद्या मजल्यावरचे दार उघडे राहिले असेल, तर धूर सरळ त्या मजल्यावर पसरतो. म्हणून तेथील नियमांनुसार चार किंवा अधिक मजले जोडणाऱ्या शूटभोवतीच्या भिंती २ तास आणि दारे दीड तास आगीला तोंड देणारी असावी लागतात. मजल्यावरचे दार सोडताच आपोआप मिटले पाहिजे आणि त्याची खिटीही आपोआप बसली पाहिजे. तळाशी मात्र दार एरवी उघडे ठेवतात. ते एका कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूच्या दुव्याने अडकवलेले असते. तापमान सुमारे ७४ अंश सेल्सिअसला पोहोचले, की दुवा वितळतो आणि दार मिटते. तेथे विजेची गरजच नाही!

आता उघडण्याविषयी. अमेरिकेत १९९० मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. हॉटेले, इस्पितळे यांसारख्या जागा त्याखाली येतात. त्याच्या २०१० च्या मानकांप्रमाणे हाताने चालवायची कोणतीही वस्तू एका हाताने चालवता आली पाहिजे. त्यासाठी घट्ट पकडावे, चिमटीत धरावे किंवा मनगट पिळावे लागू नये. लागणारे बल सुमारे २२ न्यूटनपेक्षा, म्हणजे सव्वादोन किलोच्या वजनापेक्षा, जास्त नसावे. पुढे काही अडथळा नसेल तर मूठ जमिनीपासून ३८ ते १२२ सेंटिमीटर उंचीवर असावी, आणि समोर चाकाच्या खुर्चीसाठी ७६ × १२२ सेंटिमीटर मोकळी जागा असावी.

हे आकडे दारावर लावून पाहू. समजा, दार ४५ सेंटिमीटर उंच व ८ किलो वजनाचे आहे. बिजागरी खालच्या कडेला, मूठ वरच्या कडेला आणि दार आपल्याकडे झुकत उघडते. बल आणि बिजागरीपासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण. २२ न्यूटन बल ०.४५ मीटरवर लावले, तर आघूर्ण सुमारे १० न्यूटन-मीटर होते. मिटवणाऱ्या स्प्रिंगची ओढ सुरुवातीलाच याहून जास्त असेल, तर अशक्त हाताला दार उघडणार नाही.

मग स्प्रिंग अगदी ढिली ठेवावी का? दार ४५ अंशांनी झुकले, की त्याचे स्वतःचे वजन ते आणखी उघडू पाहते. या वजनाचे आघूर्ण सुमारे १२ न्यूटन-मीटर भरते. त्या स्थितीत स्प्रिंगची ओढ १२ पेक्षा कमी पडली, तर दार उघडेच लोंबकळेल. ती २२ पेक्षा जास्त झाली, तर २२ न्यूटनची मर्यादा मोडेल. म्हणजे स्प्रिंग या दोहोंच्या मध्ये बसवावी लागते. बिजागरीत घाण साचली, की घर्षण वाढते आणि ही मधली जागा आणखी अरुंद होते. दाराची वेळोवेळी सफाई व तपासणी का हवी, हे यावरून कळेल.

खिटीचाही प्रश्न असतो. गोल मूठ फिरवायला बोटांची पकड लागते. तिची त्रिज्या २.५ सेंटिमीटर असेल आणि तिच्या जागी १० सेंटिमीटर लांबीचा दांडा बसवला, तर तेवढ्याच आघूर्णाला एक चतुर्थांश बल पुरते. दांडा कोपरानेही दाबता येतो. काही ठिकाणी बटण दाबताच दाबाखालील हवेने उघडणारे आणि नंतर आपोआप मिटणारे दारही बसवतात.

या दोन अपेक्षा एकमेकींच्या शत्रू आहेत, असे मात्र आम्हाला वाटत नाही. जे दार उघडायला जड जाते, त्यात लोक विटेचा तुकडा अडकवून ठेवतात, किंवा पिशवी बाहेरच टाकून जातात. मग आगीच्या वेळी दीड तासाचे ते भक्कम दार काय कामाचे? संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना जे दार एका हाताने उघडता येते, ते इतर कुणालाही अडकवून ठेवावेसे वाटणार नाही.

शिक्षकमित्रांनी वर्गात एक प्रयोग जरूर करावा. ताणकाट्याचा हूक वर्गाच्या दाराच्या मुठीला अडकवून काटकोनात ओढा आणि दार हलू लागताच वाचन घ्या. मग बिजागरीपासून निम्म्या अंतरावर दोरी बांधून पुन्हा मोजा. बल जवळजवळ दुप्पट भरेल. त्यानंतर शाळेतील प्रत्येक दार, नळ आणि कडी तपासून यादी करा. कोणत्या वस्तूला २२ न्यूटनपेक्षा जास्त बल लागते? कोणती एका हाताने उघडत नाही? चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलाचा हात कोठे पोहोचत नाही? ती यादी मुख्याध्यापकांना दाखवण्याचे काम मुलांनाच द्या.