कोजागरीचे दुग्धविरहित पेय : नारळ, पोहे आणि मसाला

आश्विन शुद्ध पौर्णिमेच्या रात्री केशर, वेलदोडा, जायफळ आणि चारोळी घालून आटवलेले दूध चंद्राला दाखवावे आणि मग जमलेल्या सर्वांना वाटावे, ही रीत महाराष्ट्रात आज इतकी सर्वत्र झाली आहे, की दुधावाचून कोजागरी ही कल्पनाच अनेकांना विसंगत वाटते. गच्चीवर जमणाऱ्या मंडळींत मात्र दूध न पचणारे, दुधाची ॲलर्जी असणारे आणि प्राणिजन्य पदार्थ न घेण्याचे ठरवलेले, असे तिन्ही प्रकारचे लोक असतात, आणि मुख्य पेय त्यांच्या वाट्याला येत नाही. त्यांच्यासाठी दुधाशिवायचे पेय करणे म्हणजे परंपरेला दिलेली सवलत नव्हे; या रात्रीच्या व्रताचे जे विधान धर्मग्रंथांत आहे, त्यातच अशा पेयाचा पाया सापडतो.

काशिनाथ उपाध्याय यांनी इ. स. १७९० च्या सुमारास पंढरपुरात ‘धर्मसिंधु’ हा निबंधग्रंथ, म्हणजे धर्मशास्त्रातील विविध वचने एकत्र करून निर्णय देणारा ग्रंथ, सिद्ध केला. त्यातील कोजागर व्रतात लक्ष्मी आणि ऐरावतावर आरूढ झालेला इंद्र यांची पूजा, रात्रीचे जागरण, फाशांचा खेळ, नारळाचे पाणी पिणे, आणि नारळ व पोहे देव-पितरांना अर्पण करून आप्तांसह स्वतः खाणे, असा क्रम येतो. या विधानाचा भर नारळ आणि पोहे यांवर आहे, आणि त्यामागचे कारण शेतीच्या हंगामात दिसते. आश्विनात हळवे, म्हणजे लवकर तयार होणारे भात हाती येते, त्या नव्या भाताचे पोहे कांडता येतात, आणि कोकणात याच पौर्णिमेला नव्याची पौर्णिमा म्हणतात. नवे धान्य आणि किनारपट्टीवर बारमाही मिळणारे फळ यांचा हा नैवेद्य आहे. शरद ऋतूत पित्ताचा प्रकोप होतो आणि दूध पित्तशामक आहे, असे आयुर्वेद मानतो, त्यामुळे आटीव दुधालाही या रात्री सयुक्तिक स्थान आहेच. मात्र मोठ्या पातेल्यांतून साऱ्या वसाहतीला दूध वाटण्याची आजची पद्धत दुधाच्या मुबलकतेशिवाय शक्य झाली नसती, हेही लक्षात घ्यावे लागते. भारताचे दूध उत्पादन १९५०-५१ मध्ये सुमारे १.७ कोटी टन होते, १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाले, आणि २०२२-२३ मध्ये तेच उत्पादन २३ कोटी टनांच्या घरात पोहोचले.

नारळाच्या रसात गोड पदार्थ करण्याची परंपरा मराठी आणि कोकणी स्वयंपाकघरांत इतकी रुजलेली आहे, की तिला दुधाचा पर्याय म्हणणेही अपुरे ठरते. मालवणकडे तांदळाचे शिरवाळे वेलदोडा आणि गूळ घातलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. गोव्यात हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस यांचे मणगणे सणासुदीला होते. याहून बोलके उदाहरण बेने इस्रायल समाजाचे आहे. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर शतकानुशतके राहिलेल्या, मराठी हीच मातृभाषा असलेल्या या ज्यू समाजाला मांस आणि दूध एकाच जेवणात न घेण्याचा धर्मनियम पाळावा लागतो, आणि सणाच्या जेवणात मांस असेल तर गोड पदार्थ दुधावाचून करणे ओघाने येते. ‘रोश हशाना’ या त्यांच्या नववर्षाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, गाळून जे सत्त्व तळाशी बसते तो गव्हाचा चीक, आणि तो शिजतो नारळाच्या रसात. हे नववर्ष इंग्रजी सप्टेंबर किंवा ऑक्टोबरमध्ये, म्हणजे कोजागरीच्या आगेमागे येते. एलियाहू प्रेषिताच्या नावाने केला जाणारा त्यांचा मलिदाही पोहे, ओले खोबरे, साखर, सुका मेवा आणि फळे यांचाच असतो. कोजागर व्रतातील नारळ-पोह्यांची जोडी त्याच किनाऱ्यावरील दुसऱ्या धर्माच्या विधीतही दिसावी, यात दोन्ही समाजांना एकाच मातीने दिलेले अन्न स्पष्ट होते, आणि महाराष्ट्राच्या अन्नसंस्कृतीच्या अभ्यासात या साम्याला आजवर मिळाले त्याहून अधिक स्थान मिळायला हवे.

दूध न पचण्याचे कारण बहुतेक वेळा लॅक्टोज ही दुधातील शर्करा असते. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर, म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, तान्हेपणी लहान आतड्यात भरपूर असते आणि जगातील बहुसंख्य माणसांत बालपणानंतर कमी होत जाते; ते प्रौढपणीही टिकून राहणे हा जनुकीय बदलाचा परिणाम आहे, आणि पशुपालक समाजांत तो बदल अधिक आढळतो. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत दिल्लीतील २७.४ टक्के, तर दक्षिणेतील दोन केंद्रांतील ६६.६ टक्के व्यक्तींना लॅक्टोज पचत नसल्याचे आढळले होते. दूध आटवल्याने लॅक्टोज नाहीसे होत नाही, उलट पाणी उडून गेल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. एक लिटर गाईच्या दुधात साधारण ४७ ग्रॅम लॅक्टोज असते. ते दूध ७०० मिलिलिटरपर्यंत आटवले, तर २०० मिलिलिटरच्या पेल्यात १३ ग्रॅमहून अधिक लॅक्टोज उतरते, आणि वर खवा घातला तर आणखी. एरवी चहापुरते दूध सहज सोसणाऱ्या व्यक्तीलाही कोजागरीच्या रात्री पोट फुगण्याचा त्रास होतो तो यामुळे. दुधाची ॲलर्जी ही याहून वेगळी गोष्ट आहे, कारण तीत शरीराची प्रतिकारयंत्रणा केसीनसारख्या दुधातील प्रथिनांवर प्रतिक्रिया देते आणि थोडेसे दूधही धोक्याचे ठरू शकते. लॅक्टोज काढलेले बाजारातील दूध अशा व्यक्तीला चालत नाही.

आटीव दुधाच्या जागी दुसरे काही योजायचे, तर आटवण्यातून नेमके काय साधते ते पाहावे लागते. म्हशीच्या दुधात साडेसहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो आणि दूध आटून पाऊणपट उरल्यावर तो साडेआठ टक्क्यांपर्यंत जातो. या स्निग्धांशात जायफळ आणि वेलदोड्याची सुगंधी तेले विरघळतात आणि घोटाबरोबर जिभेवर रेंगाळतात. पाण्यात जायफळ उगाळून घातले तर त्याचा केवळ उग्रपणा जाणवतो, तो त्या स्निग्धांशाच्या अभावी. केशराचे तसे नाही. त्याला रंग देणारे क्रोसिन हे द्रव्य पाण्यात विरघळणारे आहे, म्हणून केशर दाट नारळरसात भिजवण्यापेक्षा दोन चमचे कोमट पाण्यात भिजवले तर रंग अधिक खुलतो. राहिला दाटपणा आणि किंचित खव्याचा वास. हा वास लॅक्टोज आणि प्रथिने यांच्या उष्णतेतील संयोगातून येतो, आणि दुधाविना तो हुबेहूब आणता येत नाही, हे स्वीकारून पुढे जाणेच प्रामाणिकपणाचे. त्याची जागा भरण्यासाठी बदाम किंचित भाजून वाटले, तर वेगळा पण तितकाच उबदार वास मिळतो.

वनस्पतिजन्य द्रवांपैकी प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. सोयाबीन भिजवून थंड पाण्यात वाटले तर लायपॉक्सिजनेज या विकरामुळे हिरवट वास येतो आणि मसाल्याने तो झाकला जात नाही. सोयाबीन आधी उकळत्या पाण्यातून काढले तर वास कमी होतो, तरीही या पेयाला तो मानवत नाही. घरी वाटलेले ओटचे पाणी तापताच त्यातील पिष्टामुळे चिकट पेज होते. कारखान्यांत विकरांच्या साहाय्याने हे पिष्ट आधीच फोडलेले असते, घरी ती सोय नाही. बदामात जवळजवळ निम्मा स्निग्धांश असतो पण पिष्ट अत्यल्प, म्हणून बदामाचे दूध चवीला उत्तम आणि अंगाने पातळ राहते. काजूत मात्र पाचव्या हिश्श्याच्या आसपास पिष्ट असते आणि वाटलेला काजू तापला की आपोआप दाट होतो, त्यामुळे खव्याचे काम तो करतो. नारळाच्या पहिल्या दाट रसात स्निग्धांश सर्वांत अधिक असतो, पण त्यातील प्रथिने सुमारे ८० अंश सेल्सिअसला गोठतात आणि रस फुटून तेल वेगळे होते. रस घातल्यावर उकळी येऊ देऊ नये, हा कोकणातील स्वयंपाकघरांचा जुना दंडक याच गुणधर्मावर आधारलेला आहे. तांदळाचे पिष्ट बरोबर असले तर रस सहजी फुटत नाही, आणि येथे पोहे उपयोगी पडतात. भात भिजवून, भाजून, मग कांडून पोहे होत असल्याने त्यातील पिष्ट आधीच अर्धेमुर्धे शिजलेले असते आणि भिजवून वाटले की लगेच द्रवाला धरून राहते.

सहा जणांना पुरेल असे एक लिटर पेय करायचे, तर ६० ग्रॅम बदाम आणि ६० ग्रॅम काजू वेगवेगळे चार ते पाच तास भिजवावेत, बदाम सोलून, पुसून कढईत मंद आचेवर पाणी सुकून वास सुटेपर्यंत परतावेत, आणि दोन मोठे चमचे जाडे पोहे धुऊन दहा मिनिटे भिजवावेत. हे सारे थोडथोडे पाणी घालत गंधासारखे मऊ वाटावे आणि एकूण ७०० मिलिलिटर पाणी वापरून मलमलीच्या कापडातून पिळून गाळावे. एका मोठ्या, जून नारळाचा चव कोमट पाण्यात वाटून २०० मिलिलिटर पहिला दाट रस वेगळा काढावा. बदाम-काजूचा द्रव जाड बुडाच्या पातेल्यात मध्यम आचेवर सतत ढवळत तापवावा. ढवळणे थांबले तर काजूचे पिष्ट तळाला लागते आणि लागलेला वास नंतर कशानेही जात नाही. द्रव डावाला धरू लागला की ८० ते ९० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड आणि पाव चमच्याहून कमी जायफळ घालून पाच मिनिटे मंद आच ठेवावी. पातेले खाली उतरवून चार-पाच मिनिटांनी नारळाचा रस, भिजवलेले केशर आणि चारोळी घालावी, आणि पुन्हा गरम करायचे झाल्यास वाफ येण्यापुरतेच करावे. गाळताना जाणारा भाग धरूनही या पेयात आठ टक्क्यांच्या जवळपास स्निग्धांश उतरतो, म्हणजे ते आटीव म्हशीच्या दुधाच्या बरोबरीला येते.

साखरेऐवजी गूळ घालता येणे हा या पेयाचा खास गुण आहे. तापत्या दुधात गूळ घातला की त्यातील आम्लता आणि क्षार यांमुळे केसीन गोठून दूध फाटण्याची भीती असते. येथे केसीनच नसल्याने ती अडचण उरत नाही, आणि गूळ-नारळाची चव तर किनारपट्टीला पूर्वापार परिचित आहे. गुळाचा रंग केशराला झाकतो, तेवढा तोटा मान्य करावा लागतो. पेय फार थंड करू नये, कारण नारळाचे तेल २४ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागते आणि शीतपेटीत ठेवलेल्या पेयावर कणीदार थर जमतो. ताजा नारळरस लवकर आंबतो, म्हणून चंद्रप्रकाशात ठेवायचे ते पातळ कापड झाकून थोडा वेळच ठेवावे आणि उरलेले लगेच शीतपेटीत हलवावे.

पोषणाच्या दृष्टीने हे पेय दुधाची बरोबरी करत नाही. त्यात प्रथिने आटीव दुधाच्या निम्म्याच्या आसपास आणि कॅल्शियम बरेच कमी असते, त्यामुळे वाढत्या मुलांच्या रोजच्या दुधाच्या जागी ते देणे योग्य नाही. सणाचे पेय म्हणूनच त्याचा विचार करावा.

नारळ फोडून रस काढायला वेळ नसेल तर बाजारातील तयार वस्तू घेतल्या जातात, आणि चूक बहुधा तेथेच होते. नारळाच्या दुधाच्या अनेक भुकट्यांत सोडियम केसीनेट हे दुधापासून काढलेले प्रथिन असते, आणि ‘नॉन-डेअरी’ असे नाव असलेल्या क्रीमरमध्येही ते सापडते. वेष्टनावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो, दूध नसल्याचे नव्हे. त्यासाठी २०२२ च्या व्हीगन अन्नपदार्थविषयक नियमांनुसार दिले जाणारे वेगळे बोधचिन्ह पाहावे लागते, आणि ॲलर्जी असलेल्यांनी घटकांच्या यादीखालील ॲलर्जीची सूचना वाचणे आवश्यक आहे. डबाबंद नारळाच्या दुधात आंतरराष्ट्रीय ‘कोडेक्स’ मानकानुसार किमान १० टक्के आणि नारळाच्या क्रीममध्ये किमान २० टक्के स्निग्धांश असावा लागतो. घरच्या दाट रसाच्या जागी यांपैकी दुसरा प्रकारच घ्यावा. पुणे-मुंबईत आणि परदेशातील मराठी मंडळांत, जेथे नारळ खवण्याची सोय नसते, तेथे हा भेद माहीत असणे विशेष उपयोगाचे आहे.

दुधाची अडचण सोडवताना या पेयात बदाम आणि काजू येतात, आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी दुधाच्या ॲलर्जीइतकीच गंभीर असू शकते. म्हणून गृहनिर्माण संस्थांनी आणि मंडळांनी यंदाच्या कोजागरीला दुधाच्या पातेल्याशेजारी हे दुसरे पातेले जरूर ठेवावे, दोन्हींसाठी वेगळे डाव वापरावेत, आणि कोणत्या पातेल्यात काय आहे, ते ठळक अक्षरांत लिहून प्रत्येकासमोर लावावे.