व्यसनमुक्तीची दर्शनी हुंडी



दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी यांतील भेद आपणांस सांगावयास नको. पहिलीचे पैसे दाखविताच मिळतात. दुसरीची मुदत भरू द्यावी लागते. ती आधीच वटविली तर वटाव कापला जातो, आणि मुदत जितकी लांब तितका वटाव अधिक. हाच हिशोब व्यसनास लावला म्हणजे वैद्यकशास्त्रातील एका उपायाचे मर्म ध्यानी येते. जो व्यसन सोडू पाहतो त्यास, तो सोडीत असतानाच, तपासणी करून वेळोवेळी लहानसे बक्षीस द्यावे, असा तो उपाय होय.

चांगले वागण्याचे पैसे कशास द्यावयाचे, ही शंका प्रथम मनात येते. ती रास्तही आहे. परंतु नशेचे सुख दर्शनी हुंडीसारखे तत्काळ वटते. निरोगी देह, घरातील शांती, मुलांचे शिक्षण हे लाभ मोठे असले तरी मुदतीचे. व्यसनी मनुष्य या दूरच्या लाभांवर इतका जबर वटाव आकारतो की, ते त्यास कवडीमोल वाटतात. व्यसनत्यागाचा उपदेश आपल्या समाजास नवा नाही. तथापि केवळ उपदेशाने हा वटाव उतरत नाही. म्हणून त्यागाच्या पारड्यातही एक छोटी दर्शनी हुंडी टाकावी लागते.

अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेनच्या रुग्णांसाठी अशी योजना आखली. लघवीचा पहिला नमुना निर्दोष निघाला की अडीच डॉलरचे कूपन. पुढील प्रत्येक सलग निर्दोष नमुन्यास सव्वा डॉलरची वाढ. नमुना सदोष निघाला की रक्कम पुन्हा अडीच डॉलरवर येई. रोख पैसा हाती दिला जात नसे; कूपनांच्या बदली उपयुक्त वस्तू मिळत. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ४० रुग्णांच्या चाचणीत कूपने मिळणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी २४ आठवड्यांचा उपचार पुरा केला. कूपनांवाचून तोच उपचार घेणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांनीच. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ६१२ धूम्रपानी गर्भवतींवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मदतीबरोबर ४०० पौंडांपर्यंतची खरेदी-कूपने देऊ केलेल्यांपैकी २२.५ टक्के स्त्रियांनी धूम्रपान सोडले. इतरांत हे प्रमाण ८.६ टक्के होते. २०२३ पासून कॅलिफोर्निया राज्याने गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेतही या उपायास स्थान दिले.

बक्षीस थांबल्यावर काय, हा प्रश्न व्यापारी विचारणारच. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीच्या ८७८ कामगारांवरील चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. तीत बक्षिसाच्या गटातील १४.७ टक्के व दुसऱ्या गटातील ५ टक्के लोक धूम्रपानापासून दूर राहिले. बक्षीस संपून सहा महिने झाल्यावर हे आकडे अनुक्रमे ९.४ व ३.६ वर आले. गळती लागली हे खरे. परंतु भांडवल सारे बुडाले नाही.

या उपायास मोठे रुग्णालयच हवे असे नाही. श्वासाची वा लघवीची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते. खोकल्या-तापासाठी मनुष्य ज्या दवाखान्याची पायरी चढतो, तेथेच ही सोय असली तर त्यास लोकलज्जाही आड येत नाही.

आता आपल्या पेठेकडे वळू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या देशातील १५ वर्षांवरील २८.६ टक्के लोक तंबाखूचे सेवन करताना आढळले. आपले हमाल, मापाडी, गाडीवान आणि आपल्या घरचे तरुण यांतून वगळलेले नाहीत. हमाल पिऊन आला की त्याची रोजी कापावयाची, ही बाजाराची जुनी रीत. त्या दंडाने त्याच्या मुलांचे ताट रिकामे होते. व्यसन मात्र राहते तेथेच राहते.

म्हणून आमची सूचना अशी की, संघाने एखाद्या विश्वासू डॉक्टरांच्या दवाखान्याशी करार करून वर्षभर हा प्रयोग करावा. तपासणी निर्दोष निघाली की त्याच दिवशी धान्याची चिठ्ठी द्यावी. सलग यशाबरोबर धान्य वाढवावे. चूक झाल्यास न रागावता पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा. चघळावयाच्या तंबाखूस श्वासाची तपासणी लागू पडत नाही, तेथे लाळेची वा लघवीची करावी. उपचार सर्वस्वी डॉक्टरांच्याच हाती राहावा. अतिमद्यपी मनुष्याने एकाएकी दारू थांबविणे जिवावर बेतू शकते, आणि अफूवर्गीय व्यसनास औषधांची जोड आवश्यक असते. बक्षीस त्या औषधांची जागा घेऊ शकत नाही.

पेढीमागे महिन्यास एक पायली ज्वारी निघाली तरी आरंभास पुरे आहे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी या सूचनेचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.