गाव सोडून आल्यावर (भाग ५) : काम मिळालं, मूल कुणापाशी?

गेल्या भागात आपण खोलीचं पाहिलं: डिपॉझिट, भाडं, पाण्याची वेळ, मालकाच्या अटी. आता कामाकडे येऊ. मुळशी तालुक्यात नव्याने आलेल्या कुटुंबाला काम मिळणं वाटतं तितकं अवघड नाही. हिंजवडी, माण, मारुंजीत टॉवर उभे राहताहेत. पिरंगुट-उरवडे पट्ट्यात कारखाने आहेत. भूगाव-भुकूमपर्यंत सोसायट्या गेल्या आहेत, अधूनमधून वीटभट्ट्या आहेत. यातलं काही ना काही लवकरच हाताला लागतं. घोडं अडतं ते पुढे. कडेवर दोन वर्षांचं पोर, पदराला सात वर्षांची मुलगी आणि सकाळी आठला हजेरी. या दोघांना ठेवायचं कुठं?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बाई मिळेल ते काम धरते. प्रत्यक्षात ती बरंच काम नाकारते, आणि ते मुलाच्या वेळेत बसत नाही म्हणून नाकारते.

काम माणसामार्फत येतं

बांधकामावर जायचं तर मुकादम लागतो. लातूर, नांदेड, यवतमाळ किंवा सीमेपलीकडच्या कलबुर्गीकडून तो ओळखीच्या घरांतली माणसं आणतो. निघण्याआधी हातात उचल ठेवतो, साइटवर लेबर कॅम्पात पत्र्याची खोली देतो आणि मजुरीतून उचल वळती करत राहतो. त्याला नवरा-बायकोची जोडी परवडते. एका खोलीत दोन हजेऱ्या होतात, आणि बायको-मुलं सोबत असली की माणूस मध्येच पळत नाही. मुलं साइटवर येतात ती अशी, हिशेबातच धरून. त्यांच्या सोयीचा मात्र हिशेब कुणी केलेला नसतो.

दुसरा रस्ता मजूर अड्ड्याचा. सकाळी नाक्यावर उभं राहायचं, ठेकेदाराची गाडी थांबली की भाव ठरवून चढायचं. काम कुठं, परत कधी, हे चढेपर्यंत नक्की नसतं. अंगावर पिणारं मूल असलेल्या बाईला हा रस्ता जवळपास बंदच.

तिसरा रस्ता घरकामाचा, आणि त्याला ओळख लागते. सोसायटीच्या गेटवर आधार, फोटो, पोलीस पडताळणी, मग ॲपवर नोंद. पण त्याआधी आत काम करणाऱ्या कुणीतरी ‘ही माझ्या गावची’ म्हणावं लागतं. नवीन बाईची सुरुवात बहुधा बदलीवर होते. कुणी गावाला गेली की तिची चार घरं पंधरा दिवस सांभाळायची. त्यातलं एखादं घर तिला कायमचं ठेवून घेतं.

कारखान्यात लेबर कॉन्ट्रॅक्टरमार्फत शिरता येतं. बायकांना जास्त करून पॅकिंग मिळतं. इथे पहिल्या दिवशीच विचारावं, ‘ईएसआय नंबर मिळणार का?’ दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला राज्य कामगार विमा लागू होतो. पगारातून पाऊण टक्का कापला जातो, सव्वातीन टक्के मालक भरतो. आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचा हप्ता भरलेला असला, तर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. विम्याचा नंबर म्हणजे ही बाई इथे कामाला होती याचा कागदही असतो. जून २०२१ मध्ये उरवड्याच्या रासायनिक कारखान्याला आग लागून पंधराहून अधिक कामगार गेले. त्यात बहुतेक स्त्रिया होत्या. अशा वेळी मागे राहिलेल्या लेकरांच्या हाती असा कागद असणं किती मोलाचं, हे वेगळं सांगायला नको.

जाणारा तालुका, येणारा तालुका

मुळशीला स्थलांतर नवं नाही, फक्त त्याची दिशा उलटली आहे. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणासाठी इथली गावं उठली. १९२१ मध्ये सुरू झालेला, सेनापती बापटांच्या नावाशी जोडला गेलेला मुळशी सत्याग्रह त्याचाच. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरबरोबर मुळशीतूनही माणसं मुंबईला डबे वाहायला गेली. पण त्या स्थलांतराची घडी वेगळी होती. गडी मुंबईत आठ-दहा जणांत एक खोली करून राहायचा आणि बायको, पोरं, म्हातारी गावी. पोर सांभाळायला आजी होती, शेजार होता, भावकी होती. आज माणमध्ये उतरणारं कुटुंब अख्खं येतं आणि म्हातारी गावाकडे राहते. मजुरी दोघांची होते, पण सांभाळणारा हात सुटतो.

वेळांचं गणित

आता दिवस मांडून पाहू. साइटवर सकाळी आठ-नऊ ते संध्याकाळी सहा. कारखान्यात आठ तासांची पाळी, ओव्हरटाइम लागला की बारा. अंगणवाडी मात्र चारेक तासांची. खिचडी खाल्ली, थोडं खेळलं, की दुपारी पोर घरी. जिल्हा परिषदेची शाळा साधारण पाचपर्यंत चालते, शनिवारी अर्धा दिवस. म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलाचे दुपारनंतरचे चार-पाच तास उघडे पडतात. तीनच्या आतल्या मुलाचा तर अख्खा दिवस. त्याला अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, पण दिवसभर बसायला जागा मिळत नाही.

ही फट तीन प्रकारे बुजवली जाते. एक, मूल साइटवर सोबत. साडीची झोळी दोन खांबांना बांधायची आणि रेती चाळता चाळता डोळा ठेवायचा. खाली सळया, पाण्याचे उघडे हौद आणि मागे घेणारा डंपर. दोन, खोलीला बाहेरून कडी. तीन, आणि सगळ्यात जास्त वापरला जाणारा उपाय, थोरली मुलगी. सात-आठ वर्षांची पोर धाकट्याला काखेत मारून फिरते. शाळेच्या पटावर तिचं नाव असतं, वर्गात ती नसते. कुणी विचारलं तर आई म्हणते, ‘हिला शाळेची आवडच नाही.’

बायका घरकामाकडे का वळतात, हेही याच गणितात सापडतं. धुणं-भांडी, फरशी ही कामं घरागणिक तुटक असतात. सकाळी सात ते अकरा तीन घरं, दुपारी खोलीवर येऊन पोराला खाऊ घालायचं, चारला पुन्हा दोन घरं. साइटवर हजेरी अख्खी किंवा अर्धी असते, तिच्यात असे तुकडे पडत नाहीत. म्हणून गावी उत्तम गवंडीकाम शिकलेली बाईदेखील इथे भांड्याला लागते.

खासगी पाळणाघराचा हिशेबही करून पाहावा. समजा, बाईला महिन्याला बारा हजार मिळतात आणि दोन मुलांचे पाळणाघराला सहा हजार जातात. उरलेल्या सहा हजारांतून येण्या-जाण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसांची मजुरी वजा केली की घरी बसलेलं बरं असं वाटू लागतं. पण घरी बसलं तर उचल फिटत नाही.

कायद्यात आहे ते

इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा म्हणत होता की जिथे पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं. आकडा पन्नासचा, आणि साइटवर तर दीडशे बायका दिसतात. मग पाळणाघर का नाही? सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, प्लास्टरचा वेगळा, टाइल्सचा वेगळा. प्रत्येकाच्या वहीत तीस-चाळीसच बायका. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यात तीसहून अधिक स्त्रियांची अट होती.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि हे जुने कायदे त्यांत गेले. पाळणाघराच्या अटीत आता ‘स्त्री’ शब्द राहिलेला नाही. पन्नासहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणी मुलांची सोय करण्याबद्दल नियम करता येतात. बदल चांगला आहे, कारण मूल फक्त आईचं नसतं. मात्र पोट-ठेकेदारांची माणसं एकत्र मोजायची की वेगवेगळी, यावरच साइटवरचा निकाल लागणार.

साइटवरची एक खोली

हे होऊ शकतं याचा दाखला पुण्यातच आहे. १९६९ मध्ये दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम सुरू होतं. तिथल्या मजुरांची धुळीत पडलेली मुलं पाहून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. तेच मोबाइल क्रेशेस. १९७२ मध्ये काम मुंबईत आलं, १९८१ मध्ये पुण्यात. पुण्याची शाखा पुढे तारा मोबाइल क्रेशेस या नावाने स्वतंत्र झाली. पद्धत साधी. बिल्डरने साइटवर खोल्या, पाणी, वीज द्यायची आणि खर्चाचा वाटा उचलायचा, माणसं संस्थेची. एका बाजूला झोळ्या-पाळणे, दुसऱ्या बाजूला बालवाडी, शाळेतून परतलेल्या मोठ्यांसाठी अभ्यास. मुलांचं वजन नियमित होतं. आई जेवणाच्या सुट्टीत येऊन बाळाला पाजून जाते. इमारत पुरी झाली की पाळणाघरही पुढच्या साइटवर.

यातून सुटते ती मुख्यतः थोरली मुलगी. धाकटा पाळणाघरात गेला की ती शाळेत जायला मोकळी होते. शिक्षणाच्या बाजूने हेच काम डोअरस्टेप स्कूल करते. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी ही संस्था मुंबईत उभी केली आणि नंतर पुण्यात आणली. पण अशा संस्था पोचतात त्या मोजक्या साइटवर. छोट्या ठेकेदाराच्या दहा-बारा मजुरांच्या कामावर यातलं काहीच नसतं.

आयटी पार्कच्या आत

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये नागपूर-अमरावतीहून किंवा कोल्हापूरहून आलेलं जोडपंही इथे नवखंच. त्यांचा प्रश्न हाच, फक्त पगार वेगळा. त्यांच्या बाजूने २०१७ ची मातृत्व लाभ दुरुस्ती आली: २६ आठवड्यांची रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघर, आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा. नव्या संहितेतही ही तरतूद आहे. २०१८ मध्ये केंद्राने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे पाळणाघर रोजंदारीच्या आणि कंत्राटी माणसांच्या मुलांसाठीही असावं, असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात त्याच इमारतीत लादी पुसणाऱ्या बाईचं मूल तिथे क्वचित दिसतं.

शेवटी आयटीतल्या आईचीही भिस्त दोघींवर असते. सहा-सहा महिने पाळी लावून येणारी आजी, नाही तर दिवसभर बाळ सांभाळणारी ताई. ती ताई परभणी-हिंगोलीहून आलेली आणि तिचं पोर थोरलीच्या काखेत. ताई एक दिवस आली नाही की आयटीतल्या आईची सकाळची मीटिंग गेली. म्हणून अंगणवाडीची वेळ वाढली तर फायदा फक्त वस्तीचा नाही, अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटचाही आहे.

आल्या आल्या काय करायचं

पहिली गोष्ट, हद्द ओळखा. बावधन, सूस, म्हाळुंगे ही मुळशीतली गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट इथे ग्रामपंचायतच आहे. एकाच रस्त्यावर अलीकडे महापालिकेची शाळा, पलीकडे जिल्हा परिषदेची. चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालण्यात मजुरीचे दिवस जातात.

दुसरी, अंगणवाडी. गावाकडे नाव असेल तर पोषण ट्रॅकरवर ते इथल्या अंगणवाडीत हलवता येतं. सेविकेला जुन्या गावाचं नाव आणि मोबाइल नंबर सांगा.

तिसरी, शाळा. दाखला नाही, आधार नाही, जून उलटून गेला, या कारणांवरून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी शाळा परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाच्या दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही आणि मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं असतं. गाव सोडताना तिथल्या मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड घेतलंत तर काम आणखी सोपं.

चौथी, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६० आणि गेल्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम, एवढी अट. दाखला ठेकेदार देतो, नाही तर ग्रामपंचायतीकडून घ्यावा. नोंदणी नवऱ्याची झाली की पुरे, असं समजू नका. बाईही कामगार आहे, तिचं नाव वेगळं लावा. पहिली ते सातवीतल्या मुलांसाठी वर्षाला २,५०० रुपयांचं साहाय्य आहे, त्याला ७५ टक्के हजेरीची अट आहे. बिल्डर बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर भरतो, त्यातूनच हे पैसे येतात.

आणि शेवटची गोष्ट कुठल्याच कचेरीतली नाही. साइटवर पोचल्यावर पाळणाघर मागितलं तर मुकादम हसण्यावारी नेतो, कारण तोवर उचल घेतलेली असते. तेच गावात, पैसे हातात घेण्याआधी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. त्याला जोड्या हव्या असतात, आणि बायको नाही म्हणाली की जोडी मोडते. एकटीने विचारलं तर तो दुसरी जोडी शोधेल. वस्तीतल्या पाच-सहा घरांनी मिळून विचारलं तर तोच बिल्डरच्या सुपरवायझरला फोन लावतो. तेव्हा हजेरीचा भाव विचारतानाच पुढचा प्रश्नही विचारा: दिवसभर पोरं कुठं राहतील, आणि त्यांच्यापाशी कोण असेल?

(पुढच्या भागात : गावचं रेशनकार्ड इथे कसं चालतं?)