पंख शाबूत असलेलं गिधाड

सकाळी 6
ओल्या गोणपाटात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं उलगडते. सिन्नरात ती विडीसाठी येतात. शेजारच्या मावशी विडीच्या मापाचा तुकडा कापून घेतात, जाड शिरेचा भाग बाजूला पडतो. ती कातरण म्हणजे माझ्या चित्रातल्या गिधाडाची पिसं. कोरडं पान चुरतं, दमट असेतोवरच वळतं. पानाची शीर हाच पिसाचा दांडा, तो वेगळा काढावा लागत नाही.

10
डाव्या पंखापाशी अडते. लांब चोचीचं गिधाड मी खऱ्या मापाचं करतेय. पंख सव्वादोन मीटरपर्यंत भरतात, म्हणून प्लायवूड खोलीत तिरकं उभं केलंय.

शेजारच्या इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला जटायू पडला, असं लोक मानतात. तिथून आल्यावर मी पंख छाटलेलाच रेखाटला होता. आज तो खोटा वाटतोय. जटायूचा पंख रावणानं तोडला. आपल्या गिधाडांचे पंख शाबूत होते. गुरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, युरिक आम्लाचा पांढरा थर यकृतावर, हृदयावर चढला. माना खाली टाकून ती बसून राहायची आणि तशीच मरायची. 1990च्या दशकापासून पंधराएक वर्षांत लांब चोचीची सुमारे 97 टक्के गिधाडं गेली.

जुनी रेघ घासून काढते. पंख पुरा करायचा.

दुपारी 1
मावशी भाकरी घेऊन येतात. चित्राकडे बराच वेळ बघतात.
"आमच्या लहानपणी बैल मेला की दुपारपर्यंत नुसता सांगाडा उरायचा. आता कुत्री ओढत बसत्यात." मग बोट ठेवून म्हणतात, "पोरी, ही पानं उलटी लावलीस. शिरेचं जाड टोक अंगाकडं पायजे."
खरंच की! अकरा पिसं उचकटते. इतकी वर्षं पानं हाताळलेले हात आहेत ते.

3.30
पोट. औषधाच्या दुकानातून मागून आणलेली गोळ्यांची रिकामी पाकिटं चंदेरी बाजू आत करून चिकटवते, वर डिंकात कालवलेला चुना. गुरांसाठीचं डायक्लोफिनॅक 2006 मध्ये बंद झालं, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. 2015 मध्ये ती कुपी 3 मिलीवर आणावी लागली. मेलोक्सिकॅमसारखं गिधाडांना न बाधणारं औषध मिळत असताना हे घडलं, याचा मला अजून राग येतो. चुना बोटानंच लावते. ब्रशनं थर फार गुळगुळीत येतो.

संध्याकाळी 6.30
उजेड गेला. मान उद्या. उरलेली कातरण पुन्हा गोणपाटात.
मावशी दारातून विचारतात, "जिवंत कुठं दिसतील गं आता?"
"त्र्यंबकच्या वाटेवर, अंजनेरीच्या कड्यांवर."
"मग एकदा ने मला."
रविवारी पहाटेच्या एसटीनं जायचं ठरलं.